एन्झाइम दुप्पट करण्याआधी चोथा आणि गाळलेलं पाणी, दोन्ही मोजा

उसाच्या चिपाडापासून इथेनॉल बनवण्याच्या प्रयोगाबद्दलचा तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डोंबिवली स्टेशनजवळच्या रसवंतीतून चिपाडं आणली, वाळवून दळली. १० ग्रॅम पूड २ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या १०० मिली द्रावणात घालून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात) १२१ अंशांवर तासभर ठेवली. मग गाळून धुतली, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर रात्रभर सुकवली, त्यावर सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) चालवलं आणि शेवटी बेकरीचं यीस्ट टाकलं. इथेनॉल ०.९ ग्रॅम मिळालं, कार्यक्षमता २४ टक्के आली. सर म्हणतात एन्झाइमचा डोस दुप्पट कर. करावा का?

एवढ्यात करू नका. तुमच्या खर्चाच्या यादीत एन्झाइमच सगळ्यात महाग असणार, आणि तुमची बरीचशी साखर एन्झाइमपर्यंत पोचतच नाहीये.

आधी २४ टक्के कशाचे ते पाहू. चिपाडात साधारण ४० टक्के सेल्युलोज आणि २५ टक्क्यांच्या आसपास हेमिसेल्युलोज धरतात. १० ग्रॅममध्ये ४ ग्रॅम सेल्युलोज. ते फुटताना पाणी घेतं म्हणून १.११ ने गुणायचं, ४.४४ ग्रॅम ग्लुकोज. एक ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ०.५११ ग्रॅम इथेनॉल, म्हणजे २.२७ ग्रॅम. हेमिसेल्युलोजचं तसंच गणित, फक्त १.११ ऐवजी १.१३६ ने गुणून, केलं की आणखी १.४५ ग्रॅम. दोन्हींची बेरीज ३.७२, आणि ०.९ भागिले ३.७२ म्हणजे तुमचे २४ टक्के. पण बेकरीचं यीस्ट, सॅकरोमायसिस, झायलोज, म्हणजे हेमिसेल्युलोजमधून निघणारी साखर, खातच नाही. शिवाय अ‍ॅसिडने हेमिसेल्युलोज विरघळून झायलोज गाळलेल्या पाण्यात उतरलं, आणि ते पाणी तुम्ही बेसिनमध्ये ओतलंत. जी साखर भांड्यात नव्हती ती यीस्टच्या नावावर कशाला? नुसत्या सेल्युलोजवर मोजलंत तर तुम्ही ४० टक्क्यांवर आहात. प्रबंधात दोन्ही आकडे द्या, पण कुठला कशाचा ते लिहून.

तुलनेसाठी एक मोठा आकडा. इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, तेव्हा वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल असं उद्दिष्ट सांगितलं होतं. टनाला १५० लिटर. तुमचे ०.९ ग्रॅम टनावर नेले तर ११४ लिटर होतात. कच्चा माल वेगळा, ओलावा वेगळा, त्यामुळे ही तुलना ढोबळच. तरी खचून जाण्यासारखं काही नाही.

आता खरी गळती. माझा सगळ्यात मोठा संशय ओव्हनवर आहे. अ‍ॅसिडमधून निघालेला चोथा हातात घेऊन बघा: चॉकलेटी रंग, ओला, बोटांत चुरला की सहज पीठ होतं. धाग्यांमधली बारीक छिद्रं उघडलेली असतात आणि एन्झाइमचे भलेमोठे रेणू तिथूनच आत शिरतात. हाच चोथा १०५ अंशांवर सुकवला की कडक खपल्या होतात. पाणी जाताना छिद्रं मिटतात, सेल्युलोजचे धागे एकमेकांना चिकटतात आणि नंतर कितीही भिजवलं तरी पूर्वीसारखे सुटत नाहीत. म्हणजे तासभर ऑटोक्लेव्ह चालवून जे कमावलं ते रात्रभरात गेलं. चोथा ओलाच वापरा. त्यातला एखादा ग्रॅम वेगळा काढून फक्त तो १०५ अंशांवर सुकवा, ओलावा काढा आणि बाकीच्याचं कोरडं वजन गणिताने मिळवा. उरलेला फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्याच्या आत संपवा. एवढा एकच बदल करून त्याच डोसने पुन्हा चालवा. माझ्या मते फरक इथेच दिसेल.

दुसरी गोष्ट खास रसवंतीच्या चिपाडाची. कारखान्यात ऊस गिरण्यांच्या रांगेतून जातो आणि वर पाणी मारून साखर धुऊन काढतात. रसवंतीवाला चिपाड दुमडून तीन-चार वेळा चरकातून काढतो, मध्ये लिंबू आणि आलं घालतो, आणि उरलेली साखर तशीच आत राहते. त्यामुळे तुमच्या १० ग्रॅममध्ये काही वजन चक्क साखरेचं होतं आणि ४० टक्के सेल्युलोज हे पुस्तकी प्रमाण त्याला लागू नाही. उलट बाजूने, उद्या कोणी अ‍ॅसिडचं पाणीही आंबवलं तर त्या साखरेचं इथेनॉल सेल्युलोजच्या खात्यात जमा होईल आणि कार्यक्षमता फुगलेली दिसेल. म्हणून चिपाड आणलं त्याच दिवशी लिंबाच्या साली आणि आल्याचे तुकडे वेचून काढा, गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा, धुतलेल्या पाण्यात साखर दिसेनाशी होईपर्यंत. मग ४५ अंशांच्या आत वाळवा. मुंबईच्या पावसाळ्यात गोणीत ठेवलेलं चिपाड दुसऱ्या दिवशी आंबूस वास सोडतं आणि लवकरच बुरशी धरते. ती बुरशी तुमचंच सेल्युलोज खात असते.

मोजमापाबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही साखर डीएनएसने (रंग बदलून साखर दाखवणाऱ्या रसायनाने) मोजली आहे. डीएनएसला ग्लुकोज आणि झायलोज यांतला फरक कळत नाही. बाजारातल्या एन्झाइमच्या द्रावणात बऱ्याचदा टिकण्यासाठी साखर घातलेली असते, तीही आकड्यात येते. एक फ्लास्क एन्झाइमशिवाय आणि एक चिपाडाशिवाय असे दोन ब्लँक लावाच. इथेनॉल डायक्रोमेटने मोजलं असेल तर नमुना ऊर्ध्वपातन करून घेतला होता का ते तपासा, नाहीतर उरलेली साखरही डायक्रोमेट खाते. शक्य असेल तर निदान चार नमुने एचपीएलसीवर (प्रत्येक साखर वेगळी मोजणाऱ्या यंत्रावर) चालवून घ्या. मुंबईत ही सोय असलेली महाविद्यालयं आहेत, सरांच्या सहीचं पत्र घेऊन जा.

एचपीएलसीवर सेलोबायोजचं (दोन ग्लुकोज जोडलेल्या, अर्धवट तुटलेल्या साखरेचं) शिखर मोठं दिसलं, तर मात्र एन्झाइमचा विचार करा, पण सरसकट डोसचा नाही. सेल्युलेज बहुतेक ट्रायकोडर्मा रीसी या बुरशीचं असतं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं कापडी सामान कुजवणारी हीच बुरशी. ती सेल्युलोज जोरात तोडते, पण सेलोबायोजचं ग्लुकोज करणारा शेवटचा बीटा-ग्लुकोसायडेज हा घटक तिच्यात मुळातच कमी. सेलोबायोज साचलं की आधीचे एन्झाइमही मंदावतात, आणि बेकरीचं यीस्ट सेलोबायोज खात नाही. तिथे थोडं बीटा-ग्लुकोसायडेज घातलं तर दुप्पट सेल्युलेजपेक्षा जास्त उपयोग होईल. नव्या मिश्रणांत ते घातलेलंच असतं, बाटलीबरोबरचा कागद वाचा.

अ‍ॅसिडची तीव्रता कमी-जास्त करून बघायला हरकत नाही. ऑटोक्लेव्ह उघडल्यावर कडवट बदामासारखा वास आला तर झायलोज जळून फरफ्युरल (यीस्टला घातक रसायन) होतंय असं समजा आणि अ‍ॅसिड १ टक्क्यावर आणा. अ‍ॅसिडऐवजी १ ते २ टक्के कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) वापरलं तर लिग्निन, म्हणजे धागे चिकटवून ठेवणारा भाग, निघतं आणि हेमिसेल्युलोजचा मोठा भाग चोथ्यातच राहतो. मात्र काळं पाणी धुवायला पाणी भरपूर लागतं, आणि ते उदासीन केल्याशिवाय गटारात सोडू नका. झायलोजही आंबवायचं ठरलं तर शेफरसोमायसिस स्टिपिटिस हे यीस्ट पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहाकडे मागता येईल. त्याला अगदी थोडी हवा लागते, हे लक्षात ठेवा.

पुढच्या खेपेचे चार आकडे इथे टाका: धुतलेल्या चिपाडाचं कोरडं वजन, अ‍ॅसिडनंतरच्या चोथ्याचं कोरडं वजन, गाळलेल्या पाण्यातली साखर आणि एन्झाइमनंतरचं ग्लुकोज. ते बघून डोसचं ठरवू.