बूट लपवू नका, ताई

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, नीटचा क्लास लावलाय. तरी पाच वाजले की बूट घेऊन मैदानावर पळतो. फुटबॉल बंद करू का? – एक आई, सदर, नागपूर

उत्तर : ताई, माझ्या आईनं बूट लपवले होते. मी अनवाणी गेलो, अंगठ्याचं नख फोडून आलो!

पोराला डॉ. तालिमेरेन आओ यांच्याबद्दल सांगा. नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचा मुलगा, पाद्र्याचा. कोलकात्यात डॉक्टरकी शिकत मोहन बागानकडून खेळला आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा कर्णधार झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. फ्रान्सकडून २-१ ने हरलो, तेही दोन पेनल्टी हुकवून. अजून टोचतं बाप्पा ते! पुढे हे गृहस्थ नागालँडात परतले, सरकारी दवाखान्यात राबले, राज्याच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले.

पण एक गोष्ट पोट्ट्यापासून लपवू नका : त्यांची एमबीबीएस १९५० मध्ये झाली, तेव्हा वय होतं ३२. तेवढा उशीर तुम्हाला परवडायचा नाही. म्हणून रोज एकच तास, साडेसहाला घरात. सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी सुट्टी.

परीक्षा झाली की त्याला वस्तीतल्या लहान पोरांना शिकवायला पाठवा. आपल्याच नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन 'स्लम सॉकर' सुरू केलं, ते त्याला ठाऊक असेलच.

आणि हो, बुटांचं माप तपासा.