दारावर एक साल, घंटेवर दुसरं

प्रश्न : आमच्या गावच्या चर्चच्या दारावर एक साल कोरलंय, घंटेवर त्याच्याही आधीचं आहे आणि कार्यालयातल्या फलकावर तिसरंच. खरं कोणतं मानायचं? शिवाय मागच्या भिंतीला सुंदर कोरीव वेदी असताना फादर पुढच्या साध्या वेदीवर मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) का करतात?

उत्तर : तिन्ही सालं खरी असू शकतात. पायाभरणी, बिशपांच्या हस्ते झालेला अभिषेक आणि स्वतंत्र धर्मग्रामाचा (स्वतःचे फादर असलेल्या पॅरिशचा) दर्जा, यांमध्ये कधी कधी पिढ्या उलटतात. खेड्यात बहुधा आधी छोटं चॅपेल असतं, दुसऱ्या गावचे फादर येऊन मिस्सा करून जातात. वस्ती वाढली की मग धर्मग्राम होतो. घंटेवरचं साल मात्र फक्त ती ओतल्याचं. घंटा जुन्या चर्चमधून नव्यात येते, विकतही घेतली जाते. तिच्यावरून इमारतीचं वय काढू नका.

जुन्या इमारतींची पाहणी करताना मी फलक सगळ्यात शेवटी वाचतो, आधी भिंत. अंधार पडल्यावर बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडा. मनोरा मुख्य दालनाला भिडतो तिथे दगड एकमेकांत गुंतलेत का बघा. वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा गेला असेल, तर बहुतेक दोन्ही बांधकामं एका वेळची नाहीत. त्याच उजेडात रंगाच्या थरांखाली वर्तुळातला क्रूस उमटलेला दिसला, तर तिथेच थांबा! चर्चच्या अभिषेकात भिंतींवर पवित्र तेल लावतात, परंपरेने बारा ठिकाणी, आणि त्या जागा क्रूसांनी दाखवतात. एखादा क्रूस खिडकीने अर्धा कापला असेल, तर खिडकी नंतर फोडलेली. असा पुरावा कुठल्याही फलकावर मिळत नाही.

आता वेदी. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनंतर (1545–63) पवित्र साक्रामेंत (मिस्सेतली पवित्र भाकर) ठेवण्याची पेटी मुख्य वेदीवर आली. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी 1577 मध्ये चर्चबांधणीचे बारीकसारीक नियमच लिहून काढले. भिंतीलगतची वेदी उंच, भव्य होत गेली. फादर आणि लोक एकाच दिशेला तोंड करून प्रार्थना करत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे विसाव्या शतकातल्या कॅथलिक धर्मपरिषदेच्या काळात, 1964 मध्ये, रोमहून सूचना निघाली की मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, तिच्याभोवती फिरता यावं, लोकांकडे तोंड करून मिस्सा करता यावी. म्हणून पुढे नवी वेदी आली. काही ठिकाणी त्या भरात जुन्या वेद्या फोडल्या गेल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या गावाने ती राखली, हे शहाणपण आहे.

फादरांना विनंती करून सगळ्यात जुन्या नोंदवह्याही पाहा. लग्नाची नोंद ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये सक्तीची केली; 1614 च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूंची वहीही ठेवायला सांगितली. तुमच्या चर्चच्या नावाने बाप्तिस्म्याच्या नोंदी दारावरच्या सालाआधीपासून असतील, तर आजच्या इमारतीआधी तिथे दुसरं चर्च होतं, असा दाट संभव आहे.

आणि कुणी देणगीदार जुन्या चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून द्यायला निघाला, तर कृपा करून अडवा. सिमेंटमुळे भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, आतला चुना भुसभुशीत होतो. आधी क्रूसांचे आणि सांध्यांचे फोटो काढून घ्या, मग चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा.