सर्दीत सीपॅप लावायचं की बाजूला ठेवायचं?

"नाकच चोंदलंय, मग मशीन हवा ढकलणार कुठून? उलट कफ छातीत उतरेल. म्हणून चार रात्री बंदच ठेवलंय." एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नी सांगत होत्या. मशीन म्हणजे सीपॅप, झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं. सरांच्या मशीनवर हवेचा दाब ९ वर लावलेला, मास्क फक्त नाकावरचा. चार रात्रींत घोरणं परत आलं होतं आणि सर दुपारी पेपर हातात धरून पेंगत होते.

काकू, मशीन खोलीतलीच हवा गाळून देतं. त्या दाबाने सर्दी छातीत उतरत नाही. अडचण निराळी आहे. नाक बंद, म्हणून तोंड उघडं. नाकातून गेलेली हवा तोंडावाटे निसटते, दाब टिकत नाही आणि घसा कोरडा पडतो. दाब मात्र मनाने वाढवू नका.

बोलता बोलता कळलं, मशीनच्या पाण्यात निलगिरीचे थेंब टाकले होते. आपल्याकडे सर्दी म्हटलं की निलगिरी येतेच! पण इथे ती वाफ रात्रभर थेट फुप्फुसात जाते, तेल प्लॅस्टिकमध्ये मुरतं. टाकी बदलावी लागली. त्यात फक्त डिस्टिल्ड पाणी, तेही रोज ताजं.

झोपण्याआधी अर्धा तास तयार सलाइन स्प्रेने नाक मोकळं करायचं. मग ह्युमिडिफायर (टाकीतल्या पाण्याने हवा ओलसर करणारा भाग) एकेक आकडा वाढवायचा. नळीत पाणी गुडगुडलं तर एक आकडा कमी. नळी पांघरुणाखाली घ्यायची, मशीन गादीच्या पातळीखाली ठेवायचं. सर्दीपुरता नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क सरांना सोयीचा पडला. नाकपुड्या सोलवटल्या तर व्हॅसलीन नको, मास्कचं सिलिकॉन खराब होतं. पाण्यावर आधारित जेल चालतं.

नाक मोकळं करणारे औषधी थेंब ३ ते ५ दिवसच. पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदतं. सरांना बीपीची गोळी चालू, म्हणून सर्दीची कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारूनच. गुंगी आणणारी तर नाहीच.

उलट्या होत असतील तर तोंड झाकणारा मास्क लावायचाच नाही, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. कान ठणकला किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टर. एखादी रात्र राहिलीच तर उशाकडची बाजू उंच करून कुशीवर झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी डोळे मिटत असतील तर स्कूटरला हात लावायचा नाही.

मशीन पुन्हा लावल्यावर तिसऱ्या रात्री सरांना सलग पाच तास झोप लागली. सर्दी गेल्यावर फिल्टर बदलला, मास्क आणि नळी सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवली.