जपानी सुरू करताय? तोंड उघडा!

रोमन लिपीची कुबडी पहिल्याच आठवड्यात टाका. हिरागाना, काताकाना या जपानीच्या दोन लिप्या, मूळ अक्षरं प्रत्येकी ४६, आणि क्रमही ओळखीचा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, की, कु... व्याकरणाची धास्ती नको. क्रियापद शेवटी, नामाला प्रत्यय, हे आपल्याकडेही आहेच. वाक्य मराठीतून जुळवा, इंग्रजीतून नेलंत तर दुप्पट हमाली.

खरी गोम परीक्षेत आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत सोप्या एन५ पासून अवघड एन१ पर्यंत पाच पायऱ्या, कुठेच बोलण्याची परीक्षा नाही. त्यामुळे एन३ झालेले, पण दुकानात ‘पिशवी नको’ म्हणताना ततपप होणारे कैक पाहिलेत (मार्क मात्र झकास!). एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या बातम्या लावा, निवेदकाच्या मागोमाग मोठ्यानं बोला. घरचे हसतील, हसू द्या. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, मात्र सुटी घोकू नका, शब्दासकट लिहा.