रक्तातले हार्मोन्स तपासून आत्महत्येचा धोका ओळखता येतो का?

एकट्या तपासणीवरून नाही. रात्री डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध दिलं की दुसऱ्या दिवशी रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाचं हार्मोन, उतरायला हवं. नैराश्याच्या काही रुग्णांत ते उतरत नाही. 2001 मध्ये कोरियेल आणि श्लेसर या संशोधकांनी नैराश्याच्या 78 रुग्णांचा 15 वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. कॉर्टिसॉल न उतरलेल्यांत आत्महत्येचा धोका सुमारे 27 टक्के होता, इतरांत 3. फरक मोठा आहे, पण पुढच्या सगळ्या अभ्यासांत तो तसाच दिसलेला नाही.

मला तरी रिपोर्टपेक्षा माणसाचं बोलणं जास्त महत्त्वाचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांच्या आत्महत्येविषयीच्या सिद्धांतात ‘मी सगळ्यांवर ओझं झालोय’ ही भावना केंद्रस्थानी आहे. कोणी असं म्हणालं तर आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने धोका वाढत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.