शब्दशंका : ‘बोर्ड’ची फळी आणि मंडळ

प्रश्न : फळा, संचालक मंडळ, जेवणाची सोय आणि जहाजात चढणे, इतके निरनिराळे अर्थ ‘बोर्ड’ या एकाच इंग्रजी शब्दाला कसे आले?

उत्तर : यांतील बहुतेक अर्थांच्या मुळाशी लाकडाची फळी आहे. फळ्या मांडून जेवणाचे मेज तयार होई, म्हणून इंग्रजीत मेजालाही ‘बोर्ड’ म्हणू लागले, आणि तिथून अर्थाला दोन वाटा फुटल्या. मेजावर वाढल्या जाणाऱ्या अन्नावरून पैसे देऊन मिळणारे नियमित जेवण हा अर्थ आला. तर विचारविनिमयासाठी मेजाभोवती बसणारी माणसे स्वतःच ‘बोर्ड’, म्हणजे मंडळ झाली. वस्तूचे नाव तिच्याभोवती जमणाऱ्यांना मिळावे, हा अर्थविस्तार मला फार मनोज्ञ वाटतो.

जहाजाची गोष्ट थोडी निराळी आहे. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’चा जहाजाची बाजू असाही अर्थ होता, आणि जहाजात वा विमानात चढण्याचे ‘बोर्डिंग’ त्या कुळातले आहे. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, पण त्याचा ताऱ्यांशी संबंध नाही. पूर्वी सुकाणूचे वल्हे त्या बाजूस असे, म्हणून ती सुकाणूची बाजू. डावी बाजू ‘लारबोर्ड’ होती; परंतु दोन्ही शब्द ऐकायला सारखे असल्याने आज्ञा देताना गोंधळ होण्याचा धोका असे, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये डाव्या बाजूसाठी ‘पोर्ट’ हा शब्द अधिकृत केला.