बहिणी एकाच वळूच्या, मग दुधात एवढा फरक का?

प्रश्न : मॅडम, मंगळवेढा तालुक्यात आमचा १४ जनावरांचा गोठा आहे. एकाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) वळूच्या रेताच्या कांड्या भरून झालेल्या दोन कालवडी यंदा पहिल्या वेताला व्यायल्या. एक दिवसाला १६ लिटर देते, दुसरी ९ च्या वर जात नाही. पहिलीची आई बाजारातून आणलेली 'जर्शी', दुसरीची आई आमच्या खिलार गाईला एचएफ भरून झालेली. रेतनात फसवणूक झाली का? आणि इथून पुढं सगळ्यांना एचएफच भरावं का?
– एक वाचक भगिनी, जि. सोलापूर

उत्तर : ताई, दोन कालवडींवरून वळूला नावं ठेवू नका आणि रेतन करणाऱ्यावरही संशय घेऊ नका. जनावरा-जनावरांत जो आनुवंशिक फरक असतो, त्याचं माप म्हणजे प्रचरण. एका जातीत हे प्रचरण १०० धरलं, तर वळू वेगळा म्हणून पडणारा वाटा फक्त २५ असतो. उरलेले ७५ एकाच वळूच्या, पण वेगवेगळ्या आयांच्या लेकींमध्येच राहतात. शिवाय दुधातला ढोबळ पाव ते एक तृतीयांश फरकच आनुवंशिक असतो. बाकी सगळं चारा, पाणी, आजार आणि व्यायचा महिना. एक दिवाळीत व्यायली आणि दुसरी मार्चमध्ये, तर दुसरीचे ऐन दुधाचे दिवस आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हात गेले. तुम्ही व्यायल्याच्या तारखा लिहिलेल्या नाहीत.

संकरात गुंता आणखी वाढतो. खिलार गाय आणि एचएफ वळू यांच्या पहिल्या पिढीत प्रत्येक जनुकजोडीत एक इकडचा, एक तिकडचा. त्या गाईला पुन्हा एचएफ भरलं की वासरू कागदावर ७५ टक्के होतं. पण आईकडून कुठं खिलारचा जनुक येतो, कुठं एचएफचा; त्यामुळं प्रत्यक्षात कुणी ७५ च्या खाली, कुणी वर. पहिल्या संकराचा जोम, म्हणजे दोन जाती मिसळल्यानं मिळणारा जादा फायदा, तोही इथं निम्मा उरतो. राहुरीच्या विद्यापीठाच्या फुले त्रिवेणीत एचएफ ५०, जर्सी २५ आणि गीर २५ टक्के म्हणतात, तेही सरासरीनंच. आणि बाजारातल्या गाईत कोणतं रक्त किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता मला कळकळीनं सांगायचं ते. वळूंच्या लेकींचे गट करून, गटागटांमधलं प्रचरण काढून त्याला चारानं गुणायचं, ही आनुवंशिक प्रचरण काढायची जुनी, सरळ रीत. शुद्ध जातीत ती चालते. संकरित कळपात एक वळू शुद्ध एचएफ, दुसरा जर्सी संकरित असला, तर दोन जातींच्या सरासरीतला फरकही त्या आकड्यात शिरतो आणि तोही चौपट होतो. आनुवंशिकता, म्हणजे एकूण फरकातला आनुवंशिक वाटा, फुगलेली दिसते. मग वळू 'सिद्ध', म्हणजे लेकींच्या दुधावरून चांगला ठरतो, तो त्याच्या गुणावर नाही, जातीच्या जोरावर. म्हणून आधी प्रत्येक गाईचं रक्ताचं प्रमाण, गोठा, वर्ष आणि हंगाम यांचा परिणाम बाजूला काढावा लागतो. एचएफमधलं आणि खिलारमधलं प्रचरण सारखंच, असंही गृहीत धरता येत नाही. एका गोठ्यात हे होणार नाही; एकाच वळूच्या लेकी अनेक गोठ्यांत असाव्या लागतात.

तुमच्या हातात आहे ती नोंद. रेतन झालं की रिकामी कांडी मागून घ्या. त्या बारीक नळीवर वळूचा नंबर, जात आणि रेत गोठवल्याची तारीख छापलेली असते. बहुतेक गोठ्यांत ती उकिरड्यावर जाते, आणि वासराचा बाप कायमचा हरवतो! नंबर वहीत उतरवा, शेजारी गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक, व्यायल्याची तारीख, आईचं रक्त. दूध महिन्यातून एकदा, सकाळ-संध्याकाळ मोजून लिहा. एका वेताच्या ३०५ दिवसांच्या दुधाचा हिशेब त्यावरून निघतो.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. घरच्या खिलार संकरित गाईच्या कालवडीला पुन्हा शुद्ध एचएफ भरू नका. तिचं वासरू ८७ टक्के एचएफ होईल, आणि मंगळवेढ्याच्या उन्हात अशी गाय सांभाळायला पंखे, फवारे आणि बारमाही हिरवा चारा लागतो. त्या कालवडीसाठी चांगल्या दुधाळ आईचा, निम्म्या एचएफ रक्ताचा संकरित वळू मागा. नऊ लिटरवालीला विकायची घाईही करू नका, दुसरं वेत बघा.